रिकाम्या जागेचं वजन

४ जून

ती. मामा,

पाकिटावरचं अक्षर कोणाचं ते तुम्ही उघडण्याआधी ओळखायचा प्रयत्न केला असणार, म्हणून आधीच सांगते. मी तुमची भाची. एकुलती एक, त्यामुळे कोणती असा प्रश्न येऊ नये. आपण शेवटचं बोललो त्याला बावीस वर्षं झाली. आई अजूनही तुमचं नाव घेत नाही, 'ते परीक्षा खातं' असं म्हणते. हे पत्र तिला माहीत नाही, तेव्हा उत्तर माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवावं.

मी दूरच्या दीर्घिकांचे आकार मोजते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, पण आमच्या फोटोत ती धुळीच्या कणाएवढी दिसते. तिच्याकडून प्रकाश निघाला आणि वाटेत एखादी प्रचंड जड गोष्ट आली, तर तो त्या गोष्टीच्या शेजारून जाताना किंचित वाकतो. मग मागच्या दीर्घिका आपल्याला जराशा ताणलेल्या दिसतात. काचेच्या ग्लासाच्या जाड बुडातून वर्तमानपत्र बघितलं की अक्षरं वाकतात ना, तसं. गंमत अशी की ती जड गोष्ट स्वतः दिसलीच पाहिजे असं नाही. मागच्या लाखो दीर्घिका कशा आणि किती वाकल्या यावरून पुढे काहीतरी उभं आहे आणि त्याचं वजन अमुक आहे, एवढं काढता येतं. याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. यावर मला सहा वर्षं पगार मिळाला आहे.

सहा वर्षांपूर्वी जुन्या फोटोंत मला आकाशाचा एक तुकडा सापडला. तिथे काहीही नाही. तारा नाही, दीर्घिका नाही, धूर नाही. आणि त्या काहीही-नाहीच्या भोवती मागच्या दीर्घिका गोल वाकलेल्या. म्हणजे तिथे काहीतरी भयंकर जड आहे आणि त्याच्या घरात एकही दिवा नाही. आमच्या गटप्रमुख बाई म्हणतात, तिथे काही नाही, तो कॅमेऱ्याचा दोष आहे. म्हणून नव्या कॅमेऱ्याने सगळं पुन्हा टिपलं. माझी नेमणूक डिसेंबरअखेर संपते. ती जागा भरलेली निघाली तर मी कायम होते. रिकामी निघाली तर तीही रिकामी आणि माझी खुर्चीही.

आता मुद्दा. ज्याला जे हवं असतं ते त्याला दिसतं, आणि मला काय हवंय हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. त्यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे. संगणक मोजमापांच्या तीन वह्या तयार करतो: क, ख आणि ग. एक खरी, दोन मुद्दाम बिघडवलेल्या. क मध्ये त्या जागी काहीच नाही. ख मध्ये भरपूर आहे. ग मध्ये धड ना इकडचं ना तिकडचं. आम्ही तिन्हींवर सारखंच काम करायचं, कोणती मोजमापं ठेवायची आणि कोणती टाकायची ते आधी ठरवून सह्या करायच्या, आणि मगच एक सीलबंद पाकीट उघडायचं. पाकिटात एकच अक्षर असतं, खऱ्या वहीचं. त्यानंतर काही बदलता येत नाही. जे निघेल ते छापायचं.

हे पाकीट गटाबाहेरच्या माणसाकडे ठेवतात. नियमावलीत त्याला पाकीटधारक म्हटलंय. अक्षर संगणकाने छापून आत टाकलेलं असतं, कोणीच पाहिलेलं नसतं. म्हणून पाकीटधारकाने एकदा उघडून छपाई नीट आहे ना बघायचं, पुन्हा बंद करायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. बैठकीत विचारलं, असं माणूस कोणाच्या माहितीत आहे का? मी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, एकतीस वर्षं प्रश्नपत्रिकांच्या कोठीच्या किल्ल्या सांभाळल्या, एकही पेपर फुटला नाही. सख्ख्या भाचीचा शेवटच्या परीक्षेचा निकाल स्वतः कागद देऊन चार महिने राखून ठेवायला लावला, तिचं एक वर्ष बुडालं, तरी का ते घरी सांगितलं नाही. मग ठराव एकमताने झाला.

ठेवाल का?

तुमची भाची


११ जून

चि. भाचीस,

पत्र पोचलं. अक्षर ओळखलं. बावीस वर्षांत सुधारलेलं नाही.

पाकीट ठेवीन. टपालाने पाठवू नकोस, माणसाच्या हाती दे. त्याला मी दोन प्रतींत पोच देईन, एक प्रत सही करून परत पाहिजे. पाकीट लोखंडी पेटीत राहील. निवृत्तीला खातं इतरांना घड्याळ देतं, मला पेटी दिली. ती तुझ्या मामीच्या शिलाईच्या कपाटात आहे. मामी गेली त्याला नऊ वर्षं झाली. ते कपाट कोणी उघडत नाही, म्हणून जागा सुरक्षित आहे.

फोन करू नकोस. पेपर बोलण्यातून फुटत नाहीत, बोलताना माणूस मध्येच थांबतो त्यातून फुटतात. पत्रात थांबलेलं दिसत नाही. पाकिटात काय आहे, ते मला माहीत आहे की नाही, त्याबद्दल मला काय वाटतं, यातल्या कशावरही मी लिहिणार नाही. बाकी हवापाण्याचं चालेल.

तू निकालाचं लिहिलंस. त्यावर सध्या काही लिहीत नाही.

आणि हे 'तुम्ही' कुठून आलं? माझ्या खांद्यावर बसून केस ओढताना 'अरे मामा' म्हणायचीस. केस गेले, पण अरे चालेल.

तुझा मामा


२ ऑगस्ट

अरे मामा,

तुझी पोच आमच्या फलकावर लावली आहे. पाकिटाची लांबी, रुंदी, वजन आणि 'एक कोपरा किंचित दुमडलेला, दुमड मूळची' हे वाचून गटप्रमुख बाई म्हणाल्या, या माणसाला आपण कॅमेरा द्यायला हवा होता.

इथलं हवापाणी असं. आमची खोली तळघरात आहे, खिडकी नाही. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना खिडकी लागत नाही असं इमारत बांधणाऱ्याला वाटलं असावं. दिवसभर तिघेजण तीन वह्या घेऊन बसतो आणि एकमेकांना आकडे विचारतो.

सध्या माझं डोकं सातव्या पट्टीने खाल्लंय. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या चोवीस पट्ट्या आहेत. त्यातली सातवी आजारी आहे. तिच्यावर पडलेला प्रत्येक ठिपका एका अंगाला ओघळतो. तो ओघळ आकडेमोडीने पुसता येतो, पण पूर्ण पुसला जातो की नाही यावर भांडण आहे. पट्टी ठेवली तर तिन्ही वह्या जरा गढूळ होतात. टाकली तर ख आरशासारखी स्वच्छ होते. पण ख स्वच्छ दिसते म्हणून पट्टी टाकली, असं करता येत नाही. पट्टी नालायक आहे हे पट्टीवरूनच सिद्ध व्हायला हवं. तीन आठवडे मी तेच करतेय. पट्टी निम्मी नालायक आहे असं सिद्ध झालंय.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, ते कोणाला सांगत नाही, मला सोडून, रोज. तू कसा आहेस? बावीस वर्षांत हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

भाची


१७ ऑगस्ट

चि. भाचीस,

मी बरा आहे. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो, पण कागद उरला आहे.

ग्रंथालयातून ताऱ्यांवरचं एक पुस्तक आणलं. लहान मुलांचं आहे, मला पुरतं. संध्याकाळी गच्चीत जाऊन त्यातल्या आकृत्या वर ताडून बघतो. समोरच्या दुकानदाराने विचारलं, काका, काही हरवलं का? मी म्हटलं, माझं नाही, भाचीचं. तो पण आता वर बघतो.

जिन्याचा बल्ब बदलला. नऊ वर्षं गेलेला होता. शिलाईचं कपाट पुसून घेतलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. दाढी आता रोज सकाळी नऊच्या आत उरकतो. शेजारीण म्हणाली, काय हो, काही चांगली बातमी वाटतं. मी म्हटलं, तसं काही सांगता येणार नाही.

तुझी ती रिकामी जागा माझ्या मनातून जात नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, दिसत नाही म्हणजे नाही. हल्ली तसं वाटत नाही. एखाद्या जागी काही दिसत नसलं म्हणून तिथे कोणी नसतंच असं नाही, असं या वयात कळायला लागलंय. तू धीर सोडू नकोस. चांगलंच होईल.

ताईच्या गुडघ्यांना शेक द्यायला सांग. मी सांगितलं असं सांगू नकोस.

तुझा मामा


९ सप्टेंबर

अरे मामा,

सातवी पट्टी टाकली. बैठकीत मी तासभर बोलले, इतकी बोलले की शेवटी गटप्रमुख बाईंनी हात वर केले आणि सही केली. माझ्या बोलण्यात असा काही जोर होता की मला स्वतःलाच पट्टीची कीव आली. क, ख, ग तिन्हींतून ती गेली. आता ख बघत राहावी अशी दिसते, बाकी दोन्हींकडे मी अजून वळलेच नाही.

पाकीट २८ सप्टेंबरला उघडायचं ठरलंय. आदल्या दिवशी पोचेल असं पाठव.

घरमालकिणीला सांगून टाकलं की जानेवारीनंतरही खोली ठेवणार आहे. तिने विचारलं, नोकरी पक्की झाली का? मी नुसती हसले.

मामा, तू काही बोलला नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. पण तुझं मागचं पत्र मी उशाखाली ठेवलंय.

भाची


१३ सप्टेंबर

चि. भाचीस,

'तू काही बोलला नाहीस आणि मी काही ऐकलं नाही' हे वाक्य चार वेळा वाचलं. हे वाक्य मी नोकरीत तीनदा ऐकलं होतं. तिन्ही वेळा बोलणारा पेपर विकत घेऊन आलेला होता, सुदैवाने खोटा.

पेपर फुटला असं तुला वाटतंय का? वाटत असल्यास कुठून फुटला ते उलट टपाली कळव.

मामा


१७ सप्टेंबर

मामा,

तुझ्या पत्रातून फुटला.

तुला दोष देत नाही. तू तोंड घट्ट मिटलंस, पण तू आनंदात आहेस हे लपवता आलं नाही. नऊ वर्षांनी बल्ब, रोज दाढी, शेजारणीला दिलेलं ते 'सांगता येणार नाही', आणि मग 'कोणी नसतंच असं नाही, चांगलंच होईल'. मी ते पत्र तीन वह्यांसारखं तपासलं. तू पाकीट उघडून अक्षर वाचलंस, ते ख निघालं, आणि भाचीचं भलं होणार म्हणून तुझ्या पोटात आनंद मावेना. दुसरा अर्थ निघतच नव्हता. त्यानंतर पट्टीकडे मी बघितलंच नाही. ख खरी आहे हे माहीत झाल्यावर ख स्वच्छ करायला काय जातंय? तासभर बोलले ते सगळं त्याच्यावर.

आणि हे पहिल्यांदा नाही. बावीस वर्षांपूर्वी, परीक्षेला दोन आठवडे असताना तू आमच्याकडे जेवायला आला होतास. मी वही घेऊन आले आणि गणिताचं एक उदाहरण विचारलं. पाण्याची टाकी, एक नळ भरतो, दुसरा रिकामी करतो, किती वेळात भरेल. तू वही बघितलीस, घास तोंडातच राहिला, चेहरा पांढरा पडला. मग काही न बोलता उठलास आणि निघून गेलास. आई म्हणाली, याला झालं काय? मला कळलं काय झालं ते. टाकी पेपरात आहे. दोन आठवड्यांत मी टाकीची चाळीस उदाहरणं सोडवली. पेपरात टाकी आली. पैकीच्या पैकी मिळाले, आणि मग निकाल राखून ठेवला. मला वाटलं, तू ओळखलंस, म्हणून कागद दिलास. आई तुझ्याशी भांडली तेव्हा मी दाराआड उभी होते. तेव्हाच बाहेर येऊन सांगितलं असतं तर ती तुझ्याशी बोलत राहिली असती. नाही सांगितलं. बावीस वर्षं तिला तुझ्यावर रागवू दिलं.

आता २८ तारखेला पाकीट उघडेल. मी बोलले नाही तर कोणाला काही कळणार नाही. बोलले तर पट्टी परत येईल, सगळं नव्याने करावं लागेल, माझी जागा विरून जाईल आणि डिसेंबरात मीही. मला भीती वाटते, मामा. मी काय करू?

भाची


२१ सप्टेंबर

चि. भाचीस,

पाकीट मी उघडलेलं नाही.

उघडून छपाई बघायची असं तू लिहिलं होतंस. एकतीस वर्षांत मी एकही पाकीट उघडलं नाही, सदुसष्टाव्या वर्षी सुरुवात करणं जिवावर आलं. हा सूचनेचा भंग आहे, नोंद घ्यावी. आत क आहे, ख आहे की कोरा कागद, मला ठाऊक नाही.

तेव्हा तू जे वाचलंस ते पाकिटाचं नव्हतं. जिन्याचा बल्ब बदलला, कारण पाकीट घेऊन आलेला तुझा माणूस अंधारात पडता पडता वाचला. दाढी करतो, कारण नऊ वाजता टपालवाला येतो. टपालवाला येतो, कारण तू लिहितेस. मामी गेल्यापासून या घरात वीजबिलाशिवाय काही आलं नव्हतं. मी आनंदात होतो हे तू बरोबर मोजलंस. कशामुळे ते काढताना तू फक्त स्वतःला धरायला विसरलीस.

आता ते जेवण. माझी दाढ दुखत होती. तू वही पुढे केलीस त्याच घासाला ती ठणकली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ताईसमोर रडू येईल म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी दाढ काढली. पेपरात काय आहे हे मला कधीच माहीत नसे. गठ्ठे बंद यायचे, बंद जायचे. टाकीचं उदाहरण तर दर वर्षी येतं. न येतं तर वर्तमानपत्रात छापून आलं असतं. तू चाळीस उदाहरणं सोडवून पैकीच्या पैकी मिळवलेस, याला अभ्यास म्हणतात.

मग निकाल का राखला, हे मी मामीलाही सांगितलं नव्हतं. घरातलं कोणी परीक्षेला बसत असेल तर पेपर कोठीत येण्याआधी आम्हाला एक फॉर्म भरून द्यावा लागे. मी भरला, कोटाच्या खिशात ठेवला आणि विसरलो. परीक्षा झाल्यावर अकराव्या दिवशी कोट धुवायला काढताना तो सापडला. फाडून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. कारकून म्हणाला, साहेब, मागची तारीख टाका. मी ती टाकली नाही, उशिरा म्हणून दिला. उशिरा दिलेल्या फॉर्मला एकच नियम होता, चौकशी होईपर्यंत निकाल राखून ठेवणे. ते तत्त्व होतं की भीती होती, मला आजही सांगता येत नाही.

खात्यातले म्हणाले, काय तत्त्वाचा माणूस. ताई म्हणाली, तत्त्वापुढे याला भाची दिसली नाही. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. विसरभोळा म्हणवून घेण्यापेक्षा निष्ठुर म्हणवून घेणं मला बरं वाटलं. त्यात तुझं वर्ष गेलं आणि माझी बहीण गेली. मला माफ कर. ताईलाही आजच सगळं लिहून टाकलं आहे. टाकीचं लिहिलेलं नाही, ते तुझं आहे.

काय करू, असं तू विचारतेस. पाकीट फुटलेलं नाही. तू गप्प राहिलीस तर नियमाने तुला कोणी खोटं म्हणू शकणार नाही. पण तुझ्यापुरतं ते फुटलं होतं, आणि पट्टी तू त्या भरवशावर टाकलीस. याच्यापुढे मी काही सांगणार नाही. मी सल्ला द्यायच्या लायकीचा नाही हे वर सिद्ध झालंच आहे.

पाकीट तू सांगशील त्या दिवशी पाठवतो.

तुझा मामा


३१ ऑक्टोबर

प्रिय मामा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही पक्कं नव्हतं आणि कच्चं लिहून आपलं काय होतं ते आपण पाहिलंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बैठक बोलावायला सांगितली. उभी राहिले आणि म्हटलं, सातवी पट्टी मी पट्टीसाठी टाकली नाही, ख साठी टाकली. मला ख खरी आहे असं कळलं होतं. गटप्रमुख बाईंनी विचारलं, कशावरून? मी म्हटलं, मामाने जिन्याचा बल्ब बदलला. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, बल्बवरून? मी म्हटलं, आणि दाढीवरून.

बल्बचं आणि दाढेचं, तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. आमचा आकडेमोडवाला म्हणाला, पण त्यांनी तर पाकीट उघडलंच नाही, म्हणजे फुटलं नाही, मग अडचण काय? तो मला वाचवायला बघत होता. मी म्हटलं, मला ते माहीत नव्हतं आणि सही मी त्याच्या आधी केली. मग कोणी काही बोललं नाही. कार्यवृत्तात 'चर्चा झाली' असं आहे.

माझा निर्णय रद्द झाला. सातवी पट्टी परत आली. निर्णयांच्या खोलीत मला बंदी, म्हणून पाच आठवडे बाहेरच्या बाकावर बसून जुन्या नोंदी क्रमाने लावल्या. आतून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. हे जमलं याचा मला थोडा अभिमान आहे.

काल सकाळी साडेदहाला पाकीट उघडलं. तू पाकिटावर वरून लावलेली लाख कात्रीला दाद देईना. शेवटी कॅमेऱ्याचा तंत्रज्ञ पेचकस घेऊन आला. सात मिनिटं गेली. मग बाईंनी कागद काढला, बघितला आणि माझ्याकडे फिरवून धरला.

क.

तिथे काही नाही, मामा. सहा वर्षं मी ज्याच्याभोवती फिरले ते नव्हतंच. बाईंचं बरोबर होतं, जुन्या कॅमेऱ्याचा दोष. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. कार्यवृत्तात ते नाही म्हणून इथे लिहिते. अजूनही झोपताना डोळे मिटले की ती जागा दिसते, आणि आता ती खरोखरच रिकामी असते. याची सवय नाही.

दुपारी आकडेमोडवाल्याने सहज म्हणून सातवी पट्टी काढून क पुन्हा करून बघितली. बरोब्बर मधोमध एक छोटा उंचवटा आला. म्हणजे मी गप्प राहिले असते तर मला काहीतरी सापडलं असतं. नसलेलं. ते छापलं असतं, मी कायम झाले असते, आणि पुढची वीस वर्षं लोक ते शोधत बसले असते.

निबंध आठ पानांचा होईल. नाव साधंच, 'अमुक ठिकाणी काही नसल्याबद्दल'. माझी नेमणूक वाढवली नाही. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, डोळ्यांत बघून, त्यामुळे राग धरता येत नाही. मग दारात थांबल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या जागेचं काम निघतंय. पाकीट ठेवायला गटाबाहेरचं माणूस लागेल. गटाने एकमताने तुमचं नाव सुचवलं आहे. मी म्हटलं, माझं? ज्या बाईने पाकीट बंद असताना फोडलं तिचं? त्या म्हणाल्या, हो, तिचंच. मी हो म्हटलं.

माझ्यामुळे नियमावलीत एक कलम वाढलंय. यापुढे पाकीटधारकाने गटातल्या कोणालाही पत्र लिहायचं नाही, हवापाण्याचंसुद्धा.

आईला टाकीचं सांगितलं. तुझं पत्र तिच्या हातात होतंच. मग म्हणाली, म्हणजे ही मूर्ख आणि तो विसराळू, आणि मी बावीस वर्षं भांडत होते ते तत्त्वाशी? आता ती आधीपेक्षा जास्त चिडली आहे. म्हणते, तत्त्वाच्या माणसाशी अबोला धरला होता, कोटात फॉर्म विसरणाऱ्याशी कशाला धरू, त्याला समोर बसवून बोलणार. रविवारी सकाळी तुझ्याकडे येतेय. गुडघे दुखत असतानाही.

तुझी भाची


९ नोव्हेंबर

चि. भाचीस,

ताई अकराला आली. जिना चढायला तिला वेळ लागला. मी हात पुढे केला तो तिने झटकला आणि दोन पायऱ्यांनंतर धरला. दारातच म्हणाली, एक फॉर्म? मी म्हटलं, हो. आत आली, बसली आणि दोन तास बोलली. मध्ये मला बोलायला जागा नव्हती आणि माझ्याकडे मुद्दाही नव्हता. सगळं खरं होतं. जाताना म्हणाली, अजून संपलेलं नाही, पुढच्या रविवारी येते. बावीस वर्षांचं आहे, या वेगाने मार्च उजाडेल. मला घाई नाही.

तुझ्या जागेचं वाचून वाईट वाटलं. मला ती आवडली होती. दुकानदाराला सांगितलं तर तोही हळहळला. म्हणाला, मग आता वर बघायचं की नाही? मी म्हटलं, बघत राहू, बाकीचं आहे अजून.

नोकरी गेली याचं दुःख कर. ते खोटं नाही. बैठकीत उभी राहिलीस ते मात्र माझ्या हातून त्या वेळी झालं नव्हतं. मी उशिराचा फॉर्म दिला आणि कारण खिशात ठेवलं. तू चूक आणि कारण, दोन्ही टेबलावर ठेवलंस. यावर मला जास्त लिहिता येत नाही, चष्मा ओला होतो.

पाकीटधारक झालीस त्याबद्दल अभिनंदन करावं की सांत्वन, हे ठरत नाही, म्हणून दोन्ही. लाख चांगली घे. हलकी लाख उन्हात पाझरते.

नव्या कलमाचा मी अभ्यास केला. पाकीटधारकाने गटातल्या कोणालाही पत्र लिहायचं नाही, असं त्यात आहे. मी गटात नाही. तेव्हा दर आठवड्याला लिहीत जा.

तुझा मामा